कंसातला ग्रे : भाईंदरच्या घुशीचं वर्गीकरण



आज मी एका ओळीवर बोलणार आहे. ती ओळ अशी : बँडिकोटा बेंगालेन्सिस (ग्रे, 1835). दोन लॅटिन वळणाचे शब्द, एका माणसाचं आडनाव, एक साल आणि एक कंस. हे एका प्राण्याचं पूर्ण शास्त्रीय नाव आहे. तो प्राणी इथून फार लांब नाही. राई, मुर्धे, मोर्व्याच्या उरलेल्या भातशेतांच्या बांधात तो आहे, मिठागरांच्या कडेला आहे, आणि भाईंदर स्टेशनजवळच्या भाजीबाजाराच्या गटारातही आहे. मराठीत आपण त्याला घूस म्हणतो, किंवा नुसतंच उंदीर म्हणतो. प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत मोठ्या घुशीपासून वेगळी ओळखावी म्हणून 'लहान घूस' असं लिहिलेलं सापडतं. मीही तेच म्हणेन.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत जीवशास्त्र शिकवत. विद्यार्थ्यांनी आणलेला किडा, शिंपला, सापाची कात, काहीही ते ठेवून घेत. पण सोबतच्या चिठ्ठीवर नुसतं नाव असेल तर वस्तू परत देत. गाव आणि तारीख लिहून आण, मग ठेवतो, असं सांगत. नाव चुकलं तर पुढे कुणीतरी दुरुस्त करील, पण गाव आणि तारीख हरवली तर ती कुणालाही शोधून काढता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटायला बरीच वर्षं लागली. आजची गोष्ट त्यांच्या त्या म्हणण्याचीच आहे.

माझं आजोळ मुर्ध्याचं. भातकापणी झाली की बांध दुरुस्त करायचं काम निघे, आणि त्यात घुशीची बिळं लागत. बाहेर ताज्या मातीचा ढीग, आणि बिळाचं तोंड मात्र आतून मातीनं बंद केलेलं. तोंड बंद असलं तर घूस आत आहे, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. कुदळीनं दोन-तीन हात आत गेलं की एक कोठार लागे, आणि त्यात भाताच्या लोंब्या नीट देठापासून कुरतडून रचलेल्या असत. आजोबा त्या टोपलीत काढून घेत. घूस अंगावर आली तर केस ताठ उभे करून घुरघुर करी. आकारानं ती आमच्या माळ्यावरच्या उंदराहून जाड, तोंड आखूड आणि बोथट, कान लहान, शेपूट धडापेक्षा आखूड. हे वर्णन लक्षात असू द्या. नव्वद टक्के गोंधळ याच चार गोष्टींनी केला आहे.

आता आपण लंडनला जाऊ. थॉमस हार्डविक हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेतले अधिकारी. हिंदुस्थानात असताना त्यांनी स्थानिक चित्रकारांकडून प्राण्यांची हजारो चित्रं काढून घेतली. या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं इतिहासात उरली नाहीत, ही गोष्ट मला कायम सलते. 1823 मध्ये हार्डविक इंग्लंडला परतले. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन एडवर्ड ग्रे नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनी हार्डविकच्या संग्रहातली निवडक चित्रं 1830 ते 1835 या काळात 'इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन झूलॉजी' या नावानं छापली. दोनशेहून जास्त रंगीत पानं. त्यांच्यासोबत वर्णनाचा मजकूर यायचा होता, तो कधी आलाच नाही. म्हणजे चित्र, आणि चित्राखाली नाव, एवढंच. अशाच एका चित्राखाली ग्रे यांनी लिहिलं : अर्व्हिकोला बेंगालेन्सिस.

लॅटिनमध्ये अर्व्हिकोला म्हणजे शेतात राहणारा. अर्थ आपल्या घुशीला चपखल बसतो. पण अर्व्हिकोला हे मोकळं विशेषण नव्हतं. ते एका प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव होतं आणि त्या प्रजातीत ज्यांना इंग्रजीत व्होल म्हणतात ते प्राणी येत. म्हणजे बंगालच्या, आणि पर्यायानं मुर्ध्याच्या, बांधातल्या घुशीला ग्रे यांनी व्होल ठरवलं.

व्होल या प्राण्याला मराठीत शब्द नाही, कारण तो आपल्याकडे नाही. युरोपात, उत्तर आशियात, उत्तर अमेरिकेत गवताळ माळांवर, नदीकाठी, बर्फाखाली तो राहतो. भारतात तो फक्त हिमालयात सापडतो : काश्मीरच्या कुरणांत, लडाखच्या दगडांत, कुमाऊंच्या उंच डोंगरांत, सिक्कीमच्या थंड रानात. हिमालय उतरून खाली आलं की व्होल संपतो. विंध्याच्या दक्षिणेला एकही व्होल नाही. ठेंगणा, गोलसर, आखूड तोंडाचा, लहान कानांचा, आखूड शेपटीचा असा तो असतो. आता आजोबांच्या बांधातली घूस आठवा. चित्र पाहून ग्रे यांनी जे केलं ते त्या चित्रापुरतं बरोबरच होतं.

व्होल आणि घूस यांचे पूर्वज वेगळे होऊन सुमारे दोन कोटी वर्षं झाली असावीत. उंदीर, घुशी आणि घरातला चिमुकला उंदीर हे म्युरिडी या कुळातले, तर व्होल क्रिसेटिडी कुळातला, हॅमस्टरचा आप्त. मग दोघं सारखे का दिसतात? दोघांचं काम सारखं आहे म्हणून. जमिनीत बीळ खणायचं, त्यात फिरायचं, देठ आणि कोंब कुरतडायचे. बिळात लांब शेपूट अडते, मोठे कान घासतात, निमुळत्या तोंडापेक्षा रुंद डोकं माती रेटायला बरं पडतं. दोन वेगळ्या घराण्यांना एकाच कामानं एकच अंग दिलं. अशी फसगत आपल्या घरातही रोज होते. चिचुंद्री दिसली की आपण उंदीर म्हणून काठी उचलतो. पण चिचुंद्री कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातलीसुद्धा नाही. ती किडे खाणारी आहे. तिचे दात सुयांसारखे आणि नाक लांब. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी 1766 मध्ये तिला नाव देताना जातिवाचक शब्द म्हणून 'म्युरिनस', म्हणजे उंदरासारखा, हाच वापरला. पण 'सारखा' असं म्हणणं वेगळं आणि 'तोच' म्हणणं वेगळं. वर्गीकरणाचं निम्मं शास्त्र या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभं आहे.

मग नातं ओळखायचं कशावरून? दाढांवरून. उंदरांच्या कुळातल्या प्राण्याची वरची दाढ पाहिली तर तिच्यावर उंचवट्यांच्या तीन उभ्या रांगा दिसतात. घुशीत हे उंचवटे झिजत झिजत आडव्या पट्ट्यांसारखे होतात, पण मूळ आखणी तीन रांगांचीच. व्होलच्या दाढेची आखणी अगदी निराळी. दोन्ही बाजूंनी घड्या आत शिरलेल्या असतात आणि वरून पाहिलं तर त्रिकोण एकमेकांत अडकवून बसवल्यासारखे दिसतात. अनेक व्होलांच्या दाढा मूळ धरतच नाहीत, आयुष्यभर वाढत राहतात, कारण गवत चावताना त्या सतत झिजतात. मातीखाली राहून शेपूट आखूड होईल, कान लहान होतील, पण दाढेची ही आखणी इतक्या सहजी बदलत नाही. आणि दाढा चित्रात दिसत नाहीत. चित्रातला प्राणी तोंड मिटून बसलेला असतो.

इथे गोष्ट धारवाडला येते. वॉल्टर एलियट हे मद्रास सनदी सेवेतले अधिकारी. धारवाड, बेळगाव या भागात, ज्याला तेव्हा दक्षिण मराठा मुलूख म्हणत, त्यांची बरीच वर्षं नेमणूक होती. त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची एक सूची त्यांनी केली, ती 1839 मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापली गेली. माझ्या मते मराठी-कानडी मुलखाच्या निसर्गाविषयी लिहिलं गेलेलं ते फार मोलाचं काम आहे, आणि आपल्या वाचकांना ते जवळजवळ ठाऊकच नाही. एलियट यांच्या धारवाडच्या नमुन्यांवरून ग्रे यांनीच 1837 मध्ये काही नवी नावं दिली. त्यातलं एक होतं मुस कोक. मुस म्हणजे उंदीर. यावेळी समोर चित्र नव्हतं, खुद्द प्राणी होता.

मुस कोक आणि अर्व्हिकोला बेंगालेन्सिस हे एकच आहेत. एकाच माणसानं दोन वर्षांच्या अंतरानं एकाच प्राण्याला दोन वेगळ्या कुळांत घातलं, आणि त्याला ते कळलं नाही. ग्रे यांना मी दोष देत नाही. ते दिवसाला किती प्राण्यांना नावं देत असतील याची कल्पना केली तर असं होणं अटळ होतं. पण चित्रावरून दिलेलं नाव आणि कातडी-कवटीवरून दिलेलं नाव यांत केवढा फरक पडतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

'कोक' हा शब्द कुठून आला? घुशीला तेलुगूत पंदिकोक्कु म्हणतात. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. डुकरासारखा उंदीर. घुरघुर ऐकलेल्या माणसालाच हे नाव सुचेल. इंग्रजांच्या तोंडी त्याचं बँडिकूट झालं, आणि पुढे ग्रे यांनीच 1873 मध्ये त्यावरून बँडिकोटा हे प्रजातीचं नाव तयार केलं. तोच शब्द ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथल्या एका पिशवीवाल्या प्राण्याला चिकटला, ज्याचा आपल्या घुशीशी काहीएक संबंध नाही. एलियट यांना धारवाडच्या परिसरात प्राणी दाखवणारे, त्यांची नावं सांगणारे बरेचसे वडार होते. बांध आणि तळी खणणारे लोक. जमिनीत कोण राहतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मऊ केसांच्या शेतउंदराचं 'मेल्टाडा' हे लॅटिन वाटणारं नाव त्यांच्याच बोलीतून आलं आहे, आणि 'गोलुंडा' हे प्रजातीचं नाव कानडीतून. एलियट यांनी हेही नोंदवलं की वडार घुशीची बिळं खणून त्यातलं धान्य काढतात आणि टंचाईत त्यावर गुजराण करतात. घुशीला त्यांनी स्वतः आणखी एक नाव सुचवलं, प्रोव्हिडेन्स, म्हणजे पुढची तरतूद करणारी. माझ्या आजोबांनी एलियट वाचले नव्हते. पण टोपलीत लोंब्या काढताना ते जे करत होते ते धारवाडच्या वडारांनी त्यांच्या शंभर वर्षं आधी केलं होतं, आणि एका साहेबानं ते कागदावर उतरवलं होतं.

पुढची पन्नास-साठ वर्षं या घुशीवर नावांचा पाऊस पडला. कुणाला नेपाळच्या तराईतून मिळाली, त्यानं तिला तराईचं नाव दिलं. हॉर्सफील्ड यांनी 1855 मध्ये एक नमुना पाहिला, त्याला स्तनाग्रं भरपूर होती. घुशीच्या मादीत ती कमी-जास्त असतातच. त्यांनी तिला 'प्लुरिमॅमिस', म्हणजे बहुस्तनी, अशी वेगळी जात ठरवली. अँडरसन यांनी 1878 मध्ये आणखी दोन नावं दिली. ब्लॅनफर्ड यांच्या हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथात, म्हणजे 1888 ते 1891 च्या सुमारास, ती नेसोकिया प्रजातीत दिसते आणि तिचं इंग्रजी नाव आहे 'इंडियन मोल-रॅट'. व्होल झाली, डुक्कर झाली, आता मोल, म्हणजे जमिनीत बोगदे खणणारा आणखी एक परका प्राणी. पंधरा-वीस नावं एका घुशीला.

याच काळात मुंबईत एक गोष्ट घडली जिच्यामुळे उंदरांचं वर्गीकरण अभ्यासकाच्या टेबलावरून उठून सरकारी दफ्तरात आलं. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. हाफकिन यांनी लस तयार केली, 10 जानेवारी 1897 ला ती स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा सुरू झाली, तीच आजची हाफकिन संस्था. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं की उंदराच्या पिसवा प्लेग पसरवतात. आता प्रश्न आला : कोणता उंदीर? घराच्या छपरातला काळा उंदीर, गटारातला तपकिरी उंदीर, की घूस? माणसाच्या अंथरुणाशी कोण जवळ राहतं? 'उंदीर' या एका शब्दानं या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. म्हणून 1907 मध्ये हॉसॅक यांनी कलकत्त्याच्या उंदरांवर आणि 1909 मध्ये लॉईड यांनी हिंदुस्थानातल्या उंदरांच्या वंशांवर इंडियन म्युझियमसाठी निबंध लिहिले. 1908 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात राउटन यांनी घुशींच्या वर्गीकरणावर लेख लिहिला. राउटन वनखात्यातून निवृत्त झालेले, नंतरची वर्षं त्यांनी लंडनच्या संग्रहालयात हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवर घालवली. त्यांनीही घुशीच्या आणखी जाती पाडल्या, ज्या आज एकाच जातीत मोडतात. तरी तो लेख महत्त्वाचा आहे, कारण कवट्या शेजारी शेजारी ठेवून मापं घेण्याची शिस्त त्यात आहे.

प्लेगच्याच गोष्टीत पिसवांचं एक प्रकरण आहे. ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण वर्गीकरणाचा उपयोग काय असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगतो. उंदराच्या अंगावरच्या पिसवेला रॉथ्सचाइल्ड यांनी 1903 मध्ये झेनोप्सिला किओपिस हे नाव दिलं. हिंदुस्थानात उंदरावर सापडणारी पिसू ही तीच, असं सगळे धरून चालले. 1911 मध्ये रॉथ्सचाइल्ड यांनीच तिच्याजवळची एक वेगळी जात ओळखली, झेनोप्सिला अस्टिया. फरक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच दिसतो. कोलंबोत फॅबियन हर्स्ट नावाच्या डॉक्टरांना लक्षात आलं की तिथल्या उंदरांवर बहुतेक अस्टिया आहे. 1914 मध्ये कोलंबोत प्लेग आला, आणि तो जिथे किओपिस होती त्या धान्याच्या वखारींच्या भागात ठाण मांडून बसला. अस्टिया प्लेग पसरवण्यात कमकुवत आहे. मुंबईत प्लेगनं हजारो माणसं नेली आणि मद्रास तुलनेनं वाचलं, याचं एक मोठं कारण हर्स्ट यांनी पिसवांच्या या फरकात शोधलं. दोन पिसवांना एकच नाव दिलं होतं तोवर हा प्रश्न विचारताही येत नव्हता. नाव वेगळं झालं तेव्हा प्रश्न सुचला.

1911 मध्ये सोसायटीनं सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. पहिला तळ खानदेशात पडला. 1923 पर्यंत चाललेल्या या पाहणीत सुमारे 25,000 नमुने जमले. त्या प्रत्येकाला एक चिठ्ठी : गाव, तारीख, उंची, नर की मादी, मापं. सरांना ती पाहून आनंद झाला असता. पाहणीमागे सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांचा मोठा हात होता. हे तेच मिलर्ड, ज्यांच्याकडे शाळकरी सलीम अली एक पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ही कोणती म्हणून विचारायला गेले होते. पाहणी सुरू झाली त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी मऊ केसांच्या शेतउंदरांसाठी नवी प्रजाती केली आणि तिला मिलर्डिया नाव दिलं. वडारांच्या बोलीतलं मेल्टाडा आणि मुंबईच्या सचिवांचं आडनाव, दोन्ही मिळून आज एकच नाव आहे : मिलर्डिया मेल्टाडा.

या पाहणीतल्या घरउंदरांचा अहवाल 1918 च्या सुमारास मार्टिन हिंटन यांनी लिहिला. पुढे 1926 मध्ये याच हिंटन यांनी जगातल्या व्होलांवर, जिवंत आणि अश्मीभूत दोन्ही, एक मोठा प्रबंध लिहिला. आजही व्होलांच्या अभ्यासकाला तो टाळून पुढे जाता येत नाही. म्हणजे ज्या हातांनी आपल्याकडचे घरउंदीर मोजले त्याच हातांनी व्होलच्या दाढांचे त्रिकोण मोजले. ग्रे यांना 1835 मध्ये ज्या दोन कुळांतला फरक चित्रावरून दिसला नाही, त्या दोन्ही कुळांच्या कवट्या नव्वद वर्षांनी एकाच टेबलावर होत्या.

आता कंसाकडे येतो.

प्राण्यांच्या नावांसाठी जगभर एक नियमसंहिता आहे. जातीला सगळ्यात आधी दिलेलं योग्य नाव टिकतं, मग ते देणाऱ्याचा अंदाज कितीही चुकलेला असो. म्हणून मुस कोक गेलं, प्रोव्हिडेन्स गेलं, बहुस्तनी गेलं आणि बेंगालेन्सिस राहिलं, कारण ते पहिलं. पण प्रजाती मात्र नातं कळेल तशी बदलते. अर्व्हिकोला गेली, नेसोकिया गेली, 1907 मध्ये थॉमस यांनी केलेली गुनोमिस गेली, आणि अखेर बँडिकोटा आली. ज्यानं मूळ नाव दिलं त्याच्या आडनावाभोवती अशा वेळी कंस घालतात. कंस नसेल तर समजायचं, प्राणी आजही नाव देणाऱ्यानं ठेवला तिथेच आहे. कंस असेल तर समजायचं, तो नंतर हलवला गेला. बँडिकोटा बेंगालेन्सिस (ग्रे, 1835) या ओळीतला तो कंस म्हणजे ग्रे यांची चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही. चूक खोडलेली नाही. ती कंसात जपून ठेवली आहे, आणि जो वाचील त्याला मागे जाऊन तपासता येते. दुसऱ्या कुठल्या व्यवहारात आपण चूक इतक्या सन्मानानं नोंदवून ठेवतो, मला सांगता येणार नाही.

आणि उलट बाजूची चूकही आहे. 1758 मध्ये लिनियस यांनी युरोपातल्या पाणव्होलला एकाच पुस्तकात दोन नावं दिली, मुस अँफिबियस आणि मुस टेरेस्ट्रिस. मुस, म्हणजे उंदीर. दोन्ही नावं एकाच जातीची निघाली आणि ती आज अर्व्हिकोला प्रजातीत आहे. स्वीडनमध्ये व्होल उंदीर म्हणून नोंदला गेला, बंगालमध्ये घूस व्होल म्हणून. दोघांच्याही नावाशेजारी आज कंस आहे.

हे सगळं जुन्या काळात संपलं असं समजू नका. 1975 मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मिश्रा आणि धांडा या दोन शास्त्रज्ञांनी सिंहगडावर सापडलेल्या मिलर्डियाची एक नवी जात जाहीर केली. नाव दिलं मिलर्डिया कोंडाना, कोंढाण्यावरून. पिठलं-भाकरी खायला गडावर चढणाऱ्या लाखो माणसांच्या पायाखाली एक प्राणी होता, जो जगात फारच थोड्या ठिकाणी आढळतो आणि आज संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. तोवर तो नुसता 'उंदीर' होता. विषाणूंचा शोध घेणाऱ्यांना तो सापडला, कारण कोणता विषाणू कुठल्या उंदरात राहतो हे कळायचं तर आधी उंदीर नीट ओळखावा लागतो. डोंगर पोखरून उंदीर काढला, असं आपण वाया गेलेल्या श्रमाबद्दल म्हणतो. सिंहगडाच्या बाबतीत तो उंदीर हाच डोंगराचा ठेवा निघाला.

घरउंदराचंही तसंच. एक समजली जाणारी जात गुणसूत्रं मोजल्यावर फुटली. भारतात पसरलेल्या घरउंदराची 38, तर पूर्व आशियाकडच्याची 42. बाहेरून पाहून हे कुणी सांगू शकलं नसतं. घुशीच्या बाबतीत डीएनएनं जुन्या दाढेच्या साक्षीवर शिक्कामोर्तब केलं : ती उंदरांच्या, रॅटस प्रजातीच्या, अगदी जवळची आहे आणि व्होलपासून फार दूर.

आता आपल्या गावाकडे येतो. प्लेगच्या काळात मुंबईच्या चाळींत मुख्य प्रश्न घरउंदराचा होता. पुढच्या काळात शहरातल्या बिळांत लहान घूस बळावली. 1968 मध्ये सोसायटीनंच प्रसिद्ध केलेला स्पिलेट यांचा कलकत्त्याच्या घुशीवरचा ग्रंथ वाचला तर धान्याच्या गोदामात ही शेतातली घूस कशी राज्य करते ते दिसतं. शहरानं तिला शेताहून जास्त दिलं : मोकळी माती, फुटकी गटारं, रोजचा कचरा. घरउंदीर माळ्यावर राहतो, त्याच्यासाठी सापळा वरती हवा. घूस जमिनीखाली असते, तिच्यासाठी बीळ शोधावं लागतं. मादी साधारण तीन आठवड्यांत वितेल आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं देईल. ती फाउंडेशनखालची माती उकरते, नाल्याची भिंत पोखरते. कुणाला मारायचं आणि कुठे, हे जात ओळखल्यावर ठरतं.

26 जुलै 2005 विसरलेलं इथे कुणी नसेल. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याही वस्त्यांत कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसनं माणसं गेली. या जंतूचे अनेक प्रकार आहेत, ते उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात येतात, आणि कोणता प्रकार कुठल्या प्राण्यात राहतो हे जातीजातीनुसार बदलतं. एखाद्या शहराच्या नोंदवहीत वर्षाला इतके 'उंदीर' मारले असा एकच आकडा असेल, तर त्यातून साथीबद्दल काहीच शिकता येत नाही. तो आकडा म्हणजे मजकूर नसलेलं हार्डविकचं चित्र. घूस किती, घरउंदीर किती, कुठल्या प्रभागात, कुठल्या महिन्यात, असे चार रकाने वाढवले की तीच वही शास्त्राची होते. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. माझी ही मागणी आहे, आणि ती मी आज जाहीर सभेत करतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात आहे. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8,09,378 होती. माझ्या लहानपणी जिथे भात कापला जायचा तिथे आज इमारती आहेत. आगरी, कोळी, ख्रिस्ती अशा जुन्या वस्त्यांतल्या ज्या माणसांनी बांध खणले, मीठ काढलं, खाजणं राखली, ती आता ऐंशीच्या पुढे आहेत. शेतातल्या उंदराला, घरातल्या उंदराला, मोठ्या घुशीला आणि लहान घुशीला त्यांच्या बोलीत वेगवेगळी नावं होती. मला त्यांतली दोन-तीनच आठवतात. धारवाडच्या वडारांची नावं एलियट यांनी लिहून ठेवली म्हणून ती आज जगाच्या यादीत आहेत. राई-मुर्ध्याची, उत्तन-पालीची, घोडबंदरची नावं कुणी लिहिली नाहीत.

म्हणून तुम्हाला एक काम देतो. आज घरी गेल्यावर आजीला किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना विचारा : बांधातल्या उंदराला तुम्ही काय म्हणायचात, माळ्यावरच्याला काय, आणि दोघांत फरक कसा ओळखायचात? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा आणि या ग्रंथालयात आणून द्या. खाली गावाचं नाव आणि आजची तारीख घालायला विसरू नका.